कलकत्त्याचे कुलगुरू : सर आशुतोष मुखर्जी





गेल्या महिन्यात दहावीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा तास घेत होते. सरकारी अनुदान म्हणजे काय, ते शाळा-कॉलेजांना कसे मिळते, हे सांगून झाले. तेवढ्यात मागच्या बाकावरील एका मुलीने हात वर केला. जो पैसे देतो त्याचेच ऐकावे लागणार, मग विद्यापीठात काय शिकवायचे आणि कोणी शिकवायचे हे सरकारनेच का ठरवू नये, असे तिने विचारले. वर्ग हसला, पण प्रश्न हसण्यासारखा नव्हता. घंटा झाली आणि उत्तर राहून गेले.

ते उत्तर दोन वाक्यांत देता येण्यासारखे नाही. म्हणून आज या पानावर एका माणसाचे चरित्र सांगते. शंभर वर्षांपूर्वी नेमका हाच प्रश्न त्यांच्यापुढे आला होता, आणि तोही संस्थेची तिजोरी रिकामी असताना, शिक्षकांचे पगार थकलेले असताना. त्यांचे नाव सर आशुतोष मुखर्जी, कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू.

पुढे जाण्याआधी एका शब्दाचा घोळ मिटवू या. आपल्याकडे हिंदीत व्हाइस चान्सलरला कुलपति आणि चान्सलरला कुलाधिपति म्हणण्याची रीत होती. मराठीत मात्र चान्सलर म्हणजे कुलपती आणि व्हाइस चान्सलर म्हणजे कुलगुरू. माझे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे मराठी पुस्तके वाचताना मी या शब्दापाशी हमखास चकत असे. २०२४ साली आपल्या मध्य प्रदेश सरकारनेही कुलगुरू हाच शब्द स्वीकारला, तेव्हा आता घोळ राहिलेला नाही. या लेखात कुलगुरू म्हणजे विद्यापीठाचा प्रत्यक्ष कारभार पाहणारा, आणि कुलपती म्हणजे त्याच्या वर असलेला, त्या काळी इंग्रज सरकारचा, सर्वोच्च अधिकारी.

गणिताचे वेड

आशुतोष यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्याच्या बहूबाजार भागात झाला. वडील गंगाप्रसाद हे डॉक्टर. वैद्यकशास्त्र सामान्य माणसाला कळावे म्हणून त्यांनी बंगालीत पुस्तके लिहिली होती. आई जगत्तारिणी देवी. घर भवानीपूरला होते. वडिलांनी मुलाच्या अभ्यासात जातीने लक्ष घातले.

मुलाला गणिताचे विलक्षण वेड होते. युक्लिडच्या भूमितीतील एका प्रमेयाची नवी सिद्धता त्याने विद्यार्थिदशेतच काढली आणि ती इंग्लंडमधील एका गणितविषयक मासिकात छापून आली. १८७९ मध्ये एन्ट्रन्स परीक्षा, मग प्रेसिडेन्सी कॉलेज, १८८५ मध्ये गणितात एम.ए. आणि पुढच्याच वर्षी विज्ञानात दुसरी एम.ए. त्याच वर्षी मानाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही मिळाली.

इतक्या हुशार तरुणाने आयुष्यभर गणितच शिकवायला हवे होते. पण तेव्हा त्यासाठी जागा कुठे होती? कलकत्ता विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते, मुंबई आणि मद्रास विद्यापीठांच्या बरोबरच. ही तिन्ही विद्यापीठे लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बनलेली. ती स्वतः शिकवत नसत. कॉलेजांना मान्यता द्यायची, परीक्षा घ्यायच्या आणि पदव्या वाटायच्या, एवढेच त्यांचे काम. संशोधनासाठी पगारी जागा विद्यापीठात नव्हतीच. सरकारी कॉलेजांतल्या वरच्या जागा बहुतेक युरोपियन प्राध्यापकांसाठी असत आणि तेच काम करणाऱ्या भारतीयाला पगार व दर्जा कमी मिळे. आशुतोष यांनी त्या वाटेने जाणे नाकारले. ते कायद्याकडे वळले, रासबिहारी घोष या नामवंत वकिलांच्या हाताखाली तयार झाले, १८९४ मध्ये डॉक्टर ऑफ लॉ झाले आणि १९०४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

गणित मात्र त्यांच्या मनातून गेले नाही. आपल्याला जी जागा मिळाली नाही ती पुढच्या मुलांना मिळावी, ही तळमळ त्यांच्या पुढच्या सगळ्या कामात दिसते. १८८९ मध्ये, वयाच्या पंचविशीत, ते विद्यापीठाच्या सीनेटवर गेले. सीनेट म्हणजे विद्यापीठाचे निर्णय घेणारी मुख्य सभा. दोनच वर्षांनी त्यांनी तिथे एक ठराव मांडला, की विद्यापीठाच्या परीक्षांमध्ये बंगाली, हिंदी आणि उर्दू या भाषांना स्थान द्यावे. ठराव नामंजूर झाला. ते थांबले, पण विसरले नाहीत.

नको असलेला कायदा

लॉर्ड कर्झन व्हाइसरॉय झाले आणि त्यांनी विद्यापीठांकडे नजर वळवली. १९०२ मध्ये आयोग नेमला गेला आणि १९०४ मध्ये भारतीय विद्यापीठ कायदा झाला. या कायद्याने कलकत्ता, मुंबई आणि मद्रास या जुन्या विद्यापीठांच्या सीनेटवर जास्तीत जास्त १०० सदस्य ठरवले. त्यांपैकी फक्त २० निवडून यायचे, बाकीचे जवळजवळ सगळे कुलपतींनी नेमायचे. कोणत्या कॉलेजला मान्यता द्यायची, कोणाची काढायची, यातही शेवटचा शब्द सरकारचाच. विद्यापीठाने केलेले नियम बदलण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला.

केंद्रीय कायदे मंडळात या विधेयकावर कठोर टीका करणाऱ्यांमध्ये दोन नावे ठळक होती. एक आशुतोष मुखर्जी आणि दुसरे आपले गोपाळ कृष्ण गोखले. गोखल्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात अनेक वर्षे शिकवले होते. शिकलेल्या लोकांच्या हातून विद्यापीठ काढून ते सरकारी खाते बनवायचे, हा या कायद्याचा रोख त्यांनी ओळखला होता. दोघांचाही विरोध मतदानात हरला, कारण मंडळात बहुमत सरकारचेच होते.

इथे आशुतोष यांचा स्वभाव दिसतो. कायदा झाल्यावर त्यांनी तो बारकाईने वाचला. त्यात एक लहानशी तरतूद होती. विद्यापीठाला वाटल्यास स्वतःचे प्राध्यापक नेमता येतील, प्रयोगशाळा आणि ग्रंथालये उभारता येतील, असे तिथे म्हटले होते. १९०६ मध्ये ते कुलगुरू झाले आणि ज्या कायद्याला त्यांनी विरोध केला होता, त्याच्या त्याच एका तरतुदीवर त्यांनी शिकवणारे विद्यापीठ उभे करायला घेतले. कुलगुरूपदाला पगार नव्हता. दिवसभर न्यायालयात काम आणि उरलेल्या वेळात विद्यापीठ, असा त्यांचा क्रम होता. दोन-दोन वर्षांच्या चार मुदती, म्हणजे १९१४ पर्यंत, ते सलग या पदावर राहिले.

बाहेर पडायचे की आत राहून बदलायचे?

ते कुलगुरू झाले तेव्हा बंगाल पेटलेला होता. १९०५ च्या फाळणीविरुद्ध स्वदेशीची चळवळ चालू होती. सरकारी विद्यापीठ म्हणजे गुलाम घडवण्याचा कारखाना, त्यावर बहिष्कार घाला, असे देशभक्त मंडळी सांगत होती. १९०६ मध्ये राष्ट्रीय शिक्षण परिषद स्थापन झाली. तिच्या कॉलेजचे प्राचार्य होण्यासाठी अरविंद घोष बडोद्याच्या कॉलेजातील चांगली नोकरी सोडून कलकत्त्याला आले. बडोद्यातील मराठी कुटुंबांना ही हकिगत ठाऊक असेलच.

आशुतोष त्या वाटेने गेले नाहीत. हजारो मुलांना पदवी देणारी संस्था सोडून देण्यापेक्षा तीच आपल्या देशाची करून घ्यावी, असे त्यांचे मत होते. यावरून त्यांना बोलणी खावी लागली. सरकारला ते फार स्वतंत्र वाटत आणि चळवळीतल्या लोकांना सरकारधार्जिणे. दोन्ही बाजूंनी ओढाताण होत असताना मध्ये उभे राहणे सोपे नसते.

१९१३ मध्ये सरकारशी एक मोठी चकमक झाली. विद्यापीठाने तीन विद्वानांना व्याख्याते नेमले होते : अब्दुल रसूल, अब्दुल्ला सुहरावर्दी आणि काशीप्रसाद जायसवाल. त्यांच्या विद्वत्तेबद्दल कोणाला शंका नव्हती. पण भारत सरकारने मंजुरी नाकारली, कारण त्यांचे राजकारणाशी नाते होते. रसूल हे फाळणीविरोधी चळवळीतील पुढारी होते. माणूस काय शिकवतो हे न पाहता त्याची मते पाहून त्याला वर्गाबाहेर ठेवायचे, याला आशुतोष यांनी जाहीर विरोध केला. निर्णय बदलला नाही. पण याच जायसवालांनी पुढे प्राचीन भारतातील गणराज्यांवर लिहून इतिहासात नाव मिळवले, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मित्रांनो, आशुतोष यांनी प्रत्येक वेळी विद्यार्थ्यांचीच बाजू घेतली असे मात्र समजू नका. १९१६ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात ओटन नावाच्या इंग्रज प्राध्यापकाला मारहाण झाली आणि सुभाषचंद्र बोस यांना कॉलेजातून काढण्यात आले. चौकशी समितीचे अध्यक्ष आशुतोषच होते. समितीने मारहाणीचे समर्थन केले नाही आणि सुभाषबाबूंची शिक्षा टळली नाही. सुमारे वर्षभराने मात्र विद्यापीठाने त्यांना पुन्हा शिकण्याची परवानगी दिली आणि ते स्कॉटिश चर्च कॉलेजात दाखल झाले.

माणसे हेरणारा माणूस

विज्ञान महाविद्यालय काढायचे तर पैसा हवा. सरकारकडून म्हणावी तशी मदत मिळेना. तेव्हा कलकत्त्यातील दोन वकील पुढे आले. तारकनाथ पालित यांनी १९१२ मध्ये जमीन आणि पैसा मिळून सुमारे १५ लाखांची संपत्ती विद्यापीठाला दिली. पुढच्या वर्षी आशुतोष यांचे गुरू रासबिहारी घोष यांनी १० लाख रुपये दिले. त्या काळचे लाख, म्हणजे किती मोठी रक्कम ती! देणगीदारांची एक अट होती, की या पैशातून नेमलेले प्राध्यापक भारतीयच असावेत. जो दरवाजा तरुण आशुतोषसाठी बंद होता, तो आता उघडला. २७ मार्च १९१४ रोजी विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली.

आता या प्राध्यापकांची नावे पाहा. रसायनशास्त्रासाठी प्रफुल्लचंद्र राय. भौतिकशास्त्रासाठी चंद्रशेखर वेंकट रामन, जे तेव्हा सरकारच्या अर्थखात्यात मोठ्या पगारावर अधिकारी होते आणि कचेरी सुटल्यावर एका संस्थेच्या प्रयोगशाळेत संशोधन करत. पालित प्राध्यापकाने परदेशी जाऊन शिक्षण घ्यावे, असा नियम होता. रामन तयार होईनात. आशुतोष यांनी माणूस ओळखला आणि नियमातून वाट काढली. १९१७ मध्ये रामन कमी पगारावर विद्यापीठात आले. १९३० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

१९१६ मध्ये नुकतेच एम.एस्‌सी. झालेले दोन तरुण व्याख्याते म्हणून घेतले गेले : मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस. युरोपात महायुद्ध चालू होते आणि नवी पुस्तके मिळत नव्हती. या दोघांनी जर्मन शिकून आइन्स्टाइन यांचे सापेक्षतेवरील लेख इंग्रजीत आणले आणि विद्यापीठाने ते १९२० मध्ये प्रसिद्ध केले. साहा यांचे ताऱ्यांच्या प्रकाशावरील संशोधन आणि बोस यांची आइन्स्टाइनबरोबर जोडली गेलेली संख्याशास्त्रीय पद्धत, ही दोन्ही आज जगभर शिकवली जातात.

माणूस कोणत्या प्रांताचा, हे आशुतोष पाहत नसत. प्राचीन भारतीय इतिहासाच्या प्राध्यापकपदावर त्यांनी १९१७ मध्ये पुण्याच्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर यांना आणले. मराठी घरातला हा विद्वान कलकत्त्याला अनेक वर्षे शिकवत राहिला. १९२१ मध्ये तत्त्वज्ञानासाठी म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन आले. ज्यांच्या जन्मदिवशी आपण शिक्षक दिन साजरा करतो, तेच हे राधाकृष्णन.

आणि तो नामंजूर झालेला जुना ठराव? १९१९ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने भारतीय भाषांमध्ये एम.ए. सुरू केले. बंगाली तर होतीच, पण हिंदीही होती आणि मैथिलीही. हिंदी ही एम.ए.च्या दर्जाची भाषा आहे असे देशात अगदी सुरुवातीला मानले ते हिंदी भाषिक प्रदेशातल्या नव्हे, तर बंगालमधल्या विद्यापीठाने! हिंदीत शिकलेली मी, हे प्रथम वाचले तेव्हा चकितच झाले. मातृभाषेतून शिकलेले ज्ञान कमी दर्जाचे नसते, हे आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

घरातही त्यांनी असेच धैर्य दाखवले. त्यांची मुलगी कमला लहान वयातच विधवा झाली होती. १९०८ मध्ये त्यांनी तिचा पुनर्विवाह केला. ब्राह्मण समाजातून बहिष्काराच्या धमक्या आल्या, त्या त्यांनी सोसल्या.

अडीच लाखांचा प्रश्न

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते.

१९२१ मध्ये आशुतोष पुन्हा कुलगुरू झाले. दिवस कठीण होते. असहकाराच्या चळवळीत अनेक मुलांनी कॉलेजे सोडली होती. विद्यापीठाचे मुख्य उत्पन्न परीक्षेच्या फीचे. ते घटले. पदव्युत्तर विभागांचा खर्च मात्र वाढलेला. पाच लाखांहून जास्त तूट आली आणि प्राध्यापकांचे पगार महिनोन्महिने थकले.

याच वेळी देशात एक बदल झाला होता. १९१९ च्या सुधारणांनंतर प्रांतांमध्ये शिक्षण खाते भारतीय मंत्र्यांकडे आले होते आणि ते मंत्री कायदे मंडळाला जबाबदार होते. मतदान मूठभर लोकांनाच होते, तरीही हे मंडळ मुख्यतः निवडून आलेले होते. म्हणजे आता विद्यापीठासमोर केवळ इंग्रज अधिकारी नव्हते, आपलेच लोक होते. बंगाल सरकारने अडीच लाख रुपये देऊ केले, पण अटींवर. हिशेबाची कडक तपासणी तर होतीच. त्याशिवाय जास्त खर्चाचे कोणतेही नवे काम सरकारच्या परवानगीशिवाय हाती घ्यायचे नाही, असेही बजावले होते. विद्यापीठाचा कायदा बदलण्याचे मसुदेही पुढे येत होते.

विचार करा, अशा वेळी तुम्ही काय केले असते? समोर पगाराविना काम करणारे प्राध्यापक आहेत. त्यांच्या घरी मुले आहेत. एक सही केली की पैसे मिळणार आहेत.

डिसेंबर १९२२ मध्ये सीनेटची सभा भरली. आशुतोष यांनी सदस्यांना सांगितले, की या अटी मान्य करून पैसे घेणे म्हणजे विद्यापीठाचे स्वातंत्र्य विकणे होय. त्यापेक्षा आपण घरोघर जाऊन मदत मागू, अर्धपोटी राहू. जनतेच्या पैशाचा हिशेब द्यायला त्यांची ना नव्हती. हिशेब देणे आणि ताबा देणे यांत त्यांनी फरक केला. पैसा कसा खर्च झाला हे विचारण्याचा हक्क सरकारला आहे. कोणता विषय शिकवावा, कोणते संशोधन चालू ठेवावे हे ठरवण्याचा हक्क मात्र त्या पैशाबरोबर विकत मिळत नाही. आणि हे इंग्रज सरकारला जितके लागू, तितकेच निवडून आलेल्या मंत्र्यालाही लागू. सीनेटने त्यांना साथ दिली. अटींचे अडीच लाख परत गेले.

काही महिन्यांतच दुसरा प्रसंग आला. आशुतोष यांची मुदत एप्रिल १९२३ च्या सुरुवातीला संपत होती. बंगालचे गव्हर्नर लॉर्ड लिटन हे विद्यापीठाचे कुलपती होते. मार्च १९२३ मध्ये त्यांनी पत्र लिहून आशुतोष यांना पुन्हा कुलगुरूपद देऊ केले. पण आतापर्यंत तुम्ही सरकारच्या विधेयकांना वर्तमानपत्रांतून आणि बाहेरच्या लोकांमार्फत विरोध केलात, यापुढे तसे न करता सरकारला सहकार्य द्याल अशी हमी द्या, असे त्या पत्रात होते.

आशुतोष तेव्हा ५८ वर्षांचे होते. त्याच वर्षी त्यांची लाडकी कमला वारली होती. विद्यापीठ त्यांचे दुसरे अपत्यच होते, आणि पद सोडले तर ते कोणाच्या हाती जाईल याची खात्री नव्हती. २६ मार्च १९२३ रोजी त्यांनी उत्तर दिले. दीर्घ आणि अतिशय कडक उत्तर. कुलगुरूने कुलपतीची मर्जी सांभाळायची नसते, विद्यापीठाचे हित सांभाळायचे असते, असा त्याचा आशय होता. ज्या पदासाठी स्वाभिमान गहाण ठेवावा लागेल ते पद त्यांनी नाकारले. दोन्ही पत्रे वर्तमानपत्रांत छापून आली आणि देशभर वाचली गेली. बंगालच्या लोकांनी त्यांना बंगालचा वाघ म्हटले, ते नाव आजही चालते.

दोषही सांगितले पाहिजेत

मुलांनो, थोर माणसाचे चरित्र म्हणजे आरती नव्हे. आशुतोष यांच्यावर त्यांच्या हयातीतच बरीच टीका झाली. ते सगळी सत्ता स्वतःच्या हाती ठेवतात, समित्यांवर आपल्याच माणसांचा भरणा करतात, असे लोक म्हणत. परीक्षा सोप्या झाल्या, दर्जा घसरला, पैशाचा विचार न करता विभाग वाढवले, असे आक्षेप होते. इतिहासकार जदुनाथ सरकार आणि मॉडर्न रिव्ह्यू या मासिकाचे संपादक रामानंद चटर्जी हे त्यांच्या टीकाकारांत होते. हे काही सरकारचे हस्तक नव्हते, देशावर प्रेम करणारे विद्वान होते. त्यांच्या आक्षेपांत तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही. तूट आली ती केवळ असहकारामुळे नव्हे, झपाट्याने केलेल्या विस्तारामुळेही.

मला यातून एक गोष्ट जाणवते. बाहेरच्या दाबापासून संस्थेला वाचवणाऱ्याने आतल्या टीकेलाही जागा दिली पाहिजे. आशुतोष पहिले काम उत्तम करू शकले, दुसरे तितके जमले नाही. तरीही ज्या दिवशी निवड करायची वेळ आली, त्या दिवशी त्यांनी पदापेक्षा विद्यापीठ मोठे मानले, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही.

अखेर आणि त्यानंतर

कुलगुरूपद सोडल्यावरही पदव्युत्तर विभागांचे काम ते पाहत राहिले. १९२३ च्या अखेरीस न्यायाधीशपदातून निवृत्त होऊन त्यांनी पुन्हा वकिली सुरू केली. डुमराव संस्थानच्या खटल्यासाठी ते पाटण्याला गेले होते. तिथेच आजारी पडून २५ मे १९२४ रोजी त्यांचे निधन झाले. साठ वर्षे पूर्ण व्हायला महिनाभर उरला होता. त्यांचा देह रेल्वेने कलकत्त्याला आणला, तेव्हा स्टेशनपासून स्मशानापर्यंत माणसांची रीघ लागली होती.

त्यांच्या घरी पुस्तकांचा प्रचंड संग्रह होता, ८० हजारांवर पुस्तके. कुटुंबीयांनी ती पुढे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला दिली. त्यांचे पुत्र श्यामाप्रसाद १९३४ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या काळात, १९३७ साली, रवींद्रनाथ टागोरांनी पदवीदान समारंभाचे भाषण बंगालीत केले. त्या व्यासपीठावर तोपर्यंत फक्त इंग्रजी ऐकू येत असे. १८९१ मध्ये हरलेला ठराव एका अर्थाने त्या दिवशी पूर्ण जिंकला.

आता दहावीतल्या त्या मुलीसाठी. बेटा, तुझा प्रश्न चांगला होता. लोकशाहीत सरकार आपण निवडतो, त्याला पैसे आपणच कररूपाने देतो, आणि तेच पैसे विद्यापीठाकडे जातात. म्हणजे विद्यापीठ सरकारचे नसते, समाजाचे असते. समाजाला वैद्य हवा असतो, पण वैद्याने रोग्याला आवडेल तेच निदान सांगितले तर रोगी बरा होणार नाही. विद्यापीठाचेही तसेच आहे. आज जे सत्तेवर आहेत त्यांना न पटणारी गोष्टही अभ्यासून, पुरावा देऊन सांगणारी माणसे कुठेतरी निर्भयपणे बसलेली असली पाहिजेत. ती नसतील तर मत देताना आपण कशाच्या आधारे विचार करणार?

आपली शाळाही गेली कित्येक दशके देणग्यांवर आणि पालकांच्या फीवर चालत आली आहे. विश्वस्त मंडळ दरवर्षी माझ्याकडून पैशापैशाचा हिशेब घेते, आणि तो घेतलाच पाहिजे. पण इतिहासाच्या तासाला काय शिकवू नये, अशी चिठ्ठी मला आजवर कोणाकडून आलेली नाही. हे मी गृहीत धरून चालत होते. आशुतोष यांचे चरित्र वाचल्यावर यासाठी सर्वांचे आभार मानावेसे वाटले, म्हणून ते इथे मानते.

दोन-तीन वर्षांनी तुमच्यापैकी बरेच जण विद्यापीठात जातील. तिथे गेल्यावर आपल्या कुलगुरूंचे नाव काय, ते कसे नेमले गेले, सीनेटवर कोण आहे, हे जरूर विचारा. आणि वर्गात प्रश्न विचारायचा राहून गेला, तर घंटा झाली म्हणून सोडून देऊ नका. माझ्या खोलीचे दार उघडे असते.

आपली,
मुख्याध्यापिका